दुःखाचा जाणकार कोण?

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. शाळांच्या फलकांवर, रुग्णालयांच्या दारांवर, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांच्या पत्रकांवर तो आढळतो. शब्द फारसा सुटसुटीत नाही; पण अर्थगर्भ आहे. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे आणि त्या उपदेशाच्या आधी ‘सम्’ हा उपसर्ग उभा आहे. या ‘सम्’चा अर्थ ‘उत्तम प्रकारे’ असा घेतला, तर समुपदेशन म्हणजे चांगला उपदेश. ‘एकत्र’, ‘मिळून’ असा घेतला, तर सारे चित्रच पालटते. दोघांनी मिळून केलेला शोध असा त्याचा आशय होतो. पहिल्या अर्थात एक जाणता आणि दुसरा अजाण. दुसऱ्या अर्थात दोघेही थोडे जाणते, थोडे अजाण. मनाने खचलेल्या माणसाला साहाय्य करताना यांपैकी कोणता अर्थ खरा धरावा, हा प्रश्न वरवर पाहता भाषेचा वाटतो; आमच्या मते तो नीतीचा आहे. दुसऱ्याच्या दुःखावर आपला अधिकार किती, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

धर्मगुरूच्या दारी येणाऱ्या कुटुंबांची एक ठरलेली रीत असते. घरातली तरुण मुलगी दोन महिने धड जेवत नाही, रात्र रात्र जागी असते, नोकरी सोडून घरी बसली आहे. आईवडील तिला घेऊन येतात, खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, “फादर, हिला जरा चार गोष्टी सांगा.” त्यानंतर अर्धा तास ते बोलत राहतात. तिच्याविषयी बोलतात, तिच्यादेखत बोलतात, पण तिच्याशी बोलत नाहीत. ती अशी नव्हती, तिला कोणाची तरी दृष्ट लागली असावी, एकदा लग्न झाले की सारे सुरळीत होईल. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करीत खाली पाहत असते. आता ज्या चार गोष्टी सांगायच्या, त्याही ठरलेल्याच असतात: प्रार्थना कर, मन कशात तरी रमव, आईवडिलांच्या कष्टांची आठवण ठेव, तुझ्याहून दुःखी माणसे जगात किती आहेत ते पाहा. यांतली एकही गोष्ट खोटी नाही. परंतु ते न जेवणे आणि ते न झोपणे आतून ठाऊक असलेले एकच माणूस त्या खोलीत आहे, आणि नेमके त्यालाच कोणी काही विचारलेले नाही.

वाचकांना ईयोबाचे मित्र आठवतील. त्याच्या आपत्तीची वार्ता ऐकून ते दूरदूरच्या गावांहून आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले; एक शब्दही बोलले नाहीत. त्या ग्रंथातले त्यांचे सर्वोत्तम कार्य तेवढेच. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचा अर्थ समजावून सांगू लागले. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे पुष्कळसे बोलणे आमच्या सेमिनरीत उत्तीर्ण झाले असते. पण शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर.

विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या क्षेत्रात हाच प्रश्न ज्यांनी नेटाने मांडला, ते कार्ल रॉजर्स एकेकाळी सेमिनरीचेच विद्यार्थी होते. १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क येथे एका कर्मठ प्रॉटेस्टंट घरात त्यांचा जन्म झाला. प्रथम त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास आरंभला; पुढे मन धर्मसेवेकडे वळले आणि १९२४ साली ते न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांनी ती वाट सोडून मानसशास्त्राची धरली. लोकांचे भले करावयाचे, पण त्यासाठी एखाद्या ठरावीक मतप्रणालीवर श्रद्धा ठेवणे बंधनकारक असावे, हे त्यांना मानवेना. आम्हांला त्यांचा हा निर्णय पटतो असे नाही. परंतु तो प्रामाणिक होता याविषयी शंका नाही.

१९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर शहरात, अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका संस्थेत काम करीत होते. त्या काळातली एक हकिकत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. एक सुशिक्षित माता आपल्या अत्यंत द्वाड मुलाच्या तक्रारी घेऊन येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ, लहानपणी आईने मनातून त्याचा अव्हेर केला त्यात आहे, असे रॉजर्स यांचे निदान होते. कित्येक बैठकांत त्यांनी हरतऱ्हेने, सौम्यपणे, पुराव्यानिशी ते तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. ते उतरेना. अखेरीस, आपण दोघांनीही प्रयत्न केला पण जमले नाही, असे त्यांनी तिला मोकळेपणी सांगितले. तिनेही ते मान्य केले. हस्तांदोलन झाले. ती दारापर्यंत गेली आणि मागे वळून तिने विचारले की, येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? होकार मिळताच ती परत खुर्चीवर येऊन बसली आणि आपल्या वैवाहिक जीवनाची सारी विफलता तिने मांडली. या कथेचा पूर्वीच्या बैठकांतल्या नीटनेटक्या वृत्तांताशी काही संबंध नव्हता. खरे उपचार त्या क्षणी सुरू झाले आणि पुढे ते फळासही आले. कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जावयाचे, हे येणाऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असते, हा धडा आपण त्या बाईकडून शिकलो, असे रॉजर्स सांगत.

१९४० च्या डिसेंबरात मिनेसोटा विद्यापीठातील एका व्याख्यानात त्यांनी हा विचार प्रथम ठामपणे मांडला. त्या काळचे समुपदेशक सल्ला देत, समजूत घालत, येणाऱ्याच्या मनाचा उलगडा स्वतः करून त्याच्या हाती ठेवत. रॉजर्स यांनी हे सारे बाजूला सारले. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘रुग्ण’ हा शब्दही टाकला आणि वकिलाकडे जाणाऱ्या पक्षकारासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो योजला. पक्षकार वकिलाची मदत घेतो, परंतु दावा त्याचाच असतो. पुढे १९५७ साली त्यांनी, साहाय्यकाच्या ठायी काय असावे, हे एका प्रसिद्ध लेखात सांगितले: आतबाहेर एकच असलेला खरेपणा, कोणतीही अट न घालता केलेला स्वीकार, आणि दुसऱ्याचे जग जणू आपलेच असल्यासारखे, पण ते ‘जणू’ न विसरता, जाणून घेण्याची सहसंवेदना.

त्या १९४२ च्या ग्रंथातली आणखी एक गोष्ट आम्हांला तितकीच मोलाची वाटते. एका माणसाबरोबर झालेल्या आठही बैठका ध्वनिमुद्रित करून त्यांतला शब्द न् शब्द रॉजर्स यांनी छापला. बंद दाराआड समुपदेशक काय बोलतो, हे तोवर कोणी असे उघडे केले नव्हते. येणाऱ्याचे नाव बदलले होते. समुपदेशकाचे बोलणे मात्र ‘येथे चुकले, येथे घाई झाली’ अशा टिपांसह वाचकांपुढे ठेवलेले. (आम्हां धर्मगुरूंची प्रवचने कोणी अशी टिपांसह छापली, तर पुढच्या रविवारी बरीच आटोपशीर होतील.)

आता आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात जी शंका आली असेल, ती आडपडद्याशिवाय मांडू. प्रत्येकाला आपली वाट आपणच ठाऊक असेल, तर सत्याचे काय? कोणी बायकोला सोडावयाचे म्हणतो, कोणी बापाशी कायमचे वैर धरावयाचे म्हणतो; त्याला ‘तुम्हांला असे वाटते तर’ म्हणून मान डोलवावयाची काय? या शंकेच्या पाठीमागे एक इतिहासही आहे. १९६७ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील निष्कलंक हृदय मरियेच्या भगिनींमध्ये रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या संवादाची गटसत्रे घेतली. १९७० साली त्या संघातील बहुसंख्य भगिनी व्रतांतून मुक्त झाल्या. रॉजर्स यांचे त्या वेळचे सहकारी विल्यम कोल्सन यांनी पुढे या गोष्टीचा दोष जाहीरपणे त्या सत्रांच्या माथी मारला. आमच्या मते हा निवाडा एकांगी आहे. व्हॅटिकन परिषदेनंतरचे नूतनीकरण, भगिनींचा वेश, शाळांतील त्यांच्या कामाचा बोजा यांवरून तेथील कार्डिनल मॅकिन्टायर यांच्याशी त्यांचा उघड संघर्ष चालू होता, आणि त्याची कारणे कोणत्याही गटसत्राहून खोल होती. तथापि एक गोष्ट मान्य करावयास हवी. एका खोलीत दोन माणसांमध्ये जी पद्धत विवेकाने चालते, ती एका संपूर्ण संघाला, तोही वादळात सापडलेला असताना, लावणे हे निराळेच धाडस होते.

शंकेचे तात्त्विक उत्तर मात्र दुसरीकडे शोधावे लागते. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात रॉजर्स आणि ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांचा जाहीर संवाद झाला. बूबर तेव्हा ७९ वर्षांचे होते. ‘मी आणि तू’ या नात्याची मीमांसा करणारा त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला होता, आणि दोघांचे विचार पुरेपूर जुळतील अशीच श्रोत्यांची अपेक्षा असावी. पण बूबर यांनी नेमका कळीचा मुद्दा काढला. रॉजर्स म्हणत होते, समुपदेशनाच्या उत्कट क्षणी आम्ही दोघे बरोबरीचे असतो. बूबर यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले की, तसे नाही. तो तुमच्याकडे साहाय्यासाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे आलेला नाहीत. तुम्ही त्याची बाजूही पाहू शकता आणि स्वतःचीही. त्याला आज ते शक्य नाही. परिस्थितीच तुम्हां दोघांना सारखे होऊ देत नाही. त्यांनी आणखी एक भेद दाखवला. माणूस आहे तसा स्वीकारणे ही सुरुवात होय. त्याच्यात जे होण्याची शक्यता आहे, त्यासह त्याला होकार देणे ही पुढची पायरी. आणि त्या पायरीवर कधीकधी त्याला त्याच्या स्वतःविरुद्धच्या झगड्यात साथ द्यावी लागते.

आम्हांला वाटते, या वादात दोघांचेही बरोबर आहे. मात्र ते निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत होते. प्रतिष्ठेने दोघे समान असतात, स्थितीने सारखे नसतात. परिचारिका रुग्णाला आधार देऊन चालवते तेव्हा बळ तिचे अधिक असते. पाऊल मात्र त्याचेच पडावे लागते. समुपदेशकाजवळ ज्ञान नाही असे ढोंग करावयाचे नाही. ते ज्ञान त्याने मेजावर ठेवावे, दुसऱ्याने आपले ज्ञान त्याच्याशेजारी ठेवावे, आणि मग दोघांनी पाहावे. मान डोलवणे हे सहकार्य नव्हे. तो सभ्य वेशातला कंटाळा होय. पत्नीला सोडू पाहणाऱ्याला ‘तुमच्या मुलांचे काय होईल असे तुम्हांला वाटते?’ हा प्रश्न विचारता येतो आणि विचारावाही. पण त्याचे उत्तर त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

अशा थांबण्याची शिकवण ख्रिस्तसभेच्या परंपरेला नवी नाही. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मानरेसा येथे असताना त्यांना संशयपीडेने ग्रासले होते. एकदा कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवत. काही सांगावयाचे राहिले असे वाटे. आत्मघाताचे विचारही मनात येत. त्यांच्या पापनिवेदकाने त्यांना सांगितले की, अगदी स्पष्ट असेल तेवढेच गतायुष्यातले पाप पुन्हा निवेदन करावे. सल्ला शहाणपणाचा, शास्त्राला धरून. पण त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही, कारण इग्नेशियस यांना सारीच पापे अगदी स्पष्ट दिसत होती! पीडा आतून कशी असते हे न विचारता दिलेल्या सल्ल्याचे यापेक्षा नेमके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. पुढे त्याच इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यातील पंधराव्या सूचनेत मार्गदर्शकाला बजावले की, साधकाला या किंवा त्या बाजूला ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. रॉजर्स यांच्याआधी चारशे वर्षांची ही गोष्ट.

प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन यांची मात्र गल्लत होऊ नये. संस्कारात माणूस आपल्या पापाची कबुली देतो आणि धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावाने क्षमा देतो. तेथील अधिकार धर्मगुरूच्या हुशारीवर अवलंबून नाही. विषण्णता हे पाप नव्हे आणि तिला क्षमेची गरज नाही. ज्याला रोज सकाळी अंथरुणातून उठणे हीच चढण झाली आहे, त्याला संस्काराची कृपा अवश्य मिळावी. पण त्याच्या आजाराला पापाचा रंग देऊ नये.

रॉजर्स यांच्या विचारात एक उणीव आम्हांला जाणवते, आणि ती आपल्याकडच्या कुटुंबांकडे पाहिले की लगेच दिसते. त्यांच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही. मघाच्या त्या मुलीबरोबर आई आहे, वडील आहेत, दाराबाहेर काका उभे आहेत. मग सहकार्य करावयाचे ते कोणाशी? आईवडिलांना बाहेर बसवले, तर घरी गेल्यावर तिला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. आत बसवले, तर तीच बाहेर गेल्यासारखी होते. या पेचावर एक विचारपूर्वक शोधलेली वाट फिनलंडच्या उत्तर भागात, तोर्निओ गावच्या केरोपुदास मनोरुग्णालयात निघाली. १९८४ साली तेथील डॉक्टर, परिचारिका आणि याको सेइक्कुला आदी मानसशास्त्रज्ञांनी ठरवले की, रुग्णाविषयीची कोणतीही चर्चा यापुढे त्याच्या माघारी करावयाची नाही. मदत मागितल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत रुग्ण, घरची माणसे आणि उपचार करणारे एकत्र बसतात, बहुधा रुग्णाच्याच घरी. जो तो स्वतःचे म्हणणे स्वतः सांगतो. डॉक्टरांना परस्परांत मतभेद बोलावयाचे असले, तर तेही सर्वांसमोर. निष्कर्षाची घाई करीत नाहीत. या पद्धतीच्या यशाविषयीचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांवर तज्ज्ञांचे एकमत नाही, हे नमूद केले पाहिजे. परंतु ‘माघारी नाही’ हा नियम पाळावयास कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातही पाळता येतो.

मर्यादाही आहेत. १९५७ ते १९६३ या काळात विस्कॉन्सिन येथे तीव्र मनोविकाराच्या रुग्णांवर रॉजर्स यांनी आपली पद्धत आजमावली, तेव्हा एकंदर परिणाम बेताचेच निघाले. भ्रम होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला औषध लागते, आणि ते वेळेवर लागते. जिवावर बेतले असेल तेथे ‘तुमची इच्छा’ म्हणून दार लावून घेणे हा गुन्हाच होय. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा तोल बऱ्यापैकी सांभाळला आहे, असे आम्हांला वाटते. आजाराने निर्णयशक्ती गेली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे कोणतीही प्रौढ व्यक्ती बरी असताना लिहून ठेवू शकते, आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमू शकते; तातडीच्या प्रसंगी मात्र त्या लेखापेक्षा जीव वाचवण्याला अग्रक्रम आहे. आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांना हा हक्क ठाऊक आहे?

तज्ज्ञ थोडे आणि आजारी पुष्कळ, ही अडचण कोणी पुढे करील. तिच्यावरचे काम आपल्या शेजारी, गोव्यातच झाले आहे. ‘संगत’ ही संस्था तेथे १९९६ साली स्थापन झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना समुपदेशनाचे शिक्षण दिले आणि गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांना तीव्र विषण्णतेच्या रुग्णांबरोबर बसवले. सहा ते आठ बैठका, काही केंद्रात, काही घरी. बैठकीत रुग्ण आणि समुपदेशक मिळून पाहत की, कोणत्या दिवशी काय केले आणि त्या दिवशी मन कसे होते. मग पुढच्या आठवड्यासाठी एखादे छोटेसे काम रुग्णानेच निवडावयाचे: सकाळी विहिरीपर्यंत चालणे, बहिणीला फोन करणे. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर अशा रुग्णांपैकी शेकडा ६४ विषण्णतेतून बाहेर आले होते. केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते.

हे समुपदेशक आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करीत, एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. म्हणजे रॉजर्स यांनी १९४२ साली जे केले, तेच येथे साध्यासुध्या माणसांनी केले. आपल्या वाडीवाडीतील लहान ख्रिस्ती समूहांत अशी ऐकण्याची हातोटी असलेल्या स्त्रिया आहेत. आजारी शेजारणीकडे त्या रिकाम्या हाताने जात नाहीत आणि तिच्याजवळ बसल्यावर फारसे बोलतही नाहीत. त्यांना असे शिक्षण मिळवून द्यावे, असा विचार आमच्या धर्मग्रामात चालू आहे. तूर्त अडले आहे ते जागेवर. धर्मगुरूंच्या कार्यालयाचे दार थेट चर्चच्या अंगणात उघडते, आणि रविवारच्या मिस्सानंतर तेथे कोण शिरले नि किती वेळ बसले, हे साऱ्या गावाला दिसते. शाळेच्या मागची, पूर्वी शिवणवर्गाची असलेली खोली मोकळी आहे. तिला बागेच्या बाजूने दुसरे दार पाडता येईल का, हे गवंड्याला विचारले आहे.